रिमॅप केलेली टर्बो गाडी आणि प्लगचा नंबर

रिमॅप केलेल्या टर्बो गाडीत प्लग बदलायचे असतील, तर दुकानात जायच्या आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. प्लगवरचा आकडा सगळ्या कंपन्यांमध्ये एकाच दिशेने चालत नाही. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशचा वाढला की गरम. हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातून माझ्या गाडीत प्लग गेले आणि शेवटी इंजिनाचं हेड खोलावं लागलं.

गाडी पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. आमच्या शेजारच्या शेंद्र्याला जोडणी झालेली. १७८१ सीसीचं टर्बो इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, कारखान्यातून निघताना १५० अश्वशक्ती. हे इंजिन रिमॅप चांगलं सोसतं अशी त्याची जगभर ख्याती आहे. मी चांगल्या ट्यूनरकडून बूस्ट वाढवून घेतला, ताकद १९०च्या आसपास गेली आणि गाडीवर जीव बसला. ट्यूनरने प्लगचंही नीट सांगितलं होतं: मूळचा एनजीकेचा ६ नंबर आहे, एक पायरी थंड म्हणजे ७ नंबर टाका, गॅप ०.७ मिलिमीटर ठेवा. सर्व्हिसिंगच्या वेळी मी हेच गॅरेजला लिहून दिलं. त्या दिवशी एनजीकेचा ७ बाजारात नव्हता. स्पेअर पार्टच्या काउंटरवरून बॉशचा ८ नंबर आला. ‘एक काय, दोन पायऱ्या थंड आहे,’ असं दुकानदाराने सांगितलं, गॅरेजने बसवलं आणि बिलावर लिहिलं, ‘कोल्ड प्लग, ४ नग’.

प्लग अस्सल होता, त्यात काही खोट नव्हती. पण बॉशचा ८ साधारण एनजीकेच्या ५ नंबरच्या जागी बसतो. म्हणजे ताकद वाढवलेल्या इंजिनात मूळच्यापेक्षाही एक पायरी गरम प्लग गेला होता. शहरात काही जाणवलं नाही, कारण जालना रोडवरच्या गर्दीत इंजिनावर भार तो किती पडणार!

मे महिन्यात चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढत होतो. दुपारची वेळ, पुढे ट्रकांची रांग, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून एकामागून एक ट्रक मागे टाकत होतो. तेवढ्यात पत्र्यावर बारीक खडे पडावेत तसा आवाज आला, लगेच पिकअप गेला, गाडी मिसिंग मारायला लागली आणि इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला. कन्नडला एका मेकॅनिकने कॉइल बदलून पाहिली, काही फरक पडला नाही. मग प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगची चिनीमाती खडूसारखी पांढरी पडली होती आणि तिच्यावर मोहरीहून बारीक, चमकणारे करडे ठिपके होते. बाजूच्या पट्टीची कड निळसर होऊन झिजली होती. ते ठिपके ॲल्युमिनियमचे. पिस्टनचेच वितळलेले कण. कॉम्प्रेशन तपासलं तर बाकीच्या तीन सिलिंडरच्या निम्मंही नव्हतं. हेड खोलल्यावर पिस्टनची कड खाल्लेली दिसली.

असं का होतं, ते समजून घेतलं तर पुढचा निर्णय सोपा जातो. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं पाहिजे, तरच त्यावर बसणारी काजळी जळून जाते. ते ८५०-९०० अंशांच्या पुढे गेलं, तर ठिणगी पडायच्या आधीच ते तापलेलं टोक मिश्रण पेटवतं. थंड प्लगची ठिणगी थंड नसते. त्याच्या चिनीमातीचं नाक आखूड असतं, त्यामुळे टोकाची उष्णता लवकर हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये जाते. एका पायरीने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी बदलतं. बूस्ट वाढवला की सिलिंडरमध्ये हवा जास्त, पेट्रोल जास्त, उष्णता जास्त. तिला वाट द्यायला हवी, म्हणून थंड प्लग.

इथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो. गाडीत नॉक सेन्सर आहे, इंजिन स्वतःला सांभाळून घेईल, असं ते धरून चालतात. साध्या नॉकिंगमध्ये ते खरं आहे. सेन्सरला आवाज कळला की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि इंजिन वाचतं. पण मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटत असेल, तर ठिणगी कितीही उशिरा टाकून काय उपयोग? गरम प्लगचा खरा धोका हा आहे.

मग सगळ्यात थंड प्लगच टाकावा का? मुळीच नाही. रोज शहरात पाच-सात किलोमीटर जाणाऱ्या गाडीत दोन-तीन पायऱ्या थंड प्लग टाकला, तर टोक कधी पुरेसं तापतच नाही. काजळी साठते, वीज गॅपमधून उडी मारण्याऐवजी काजळीवरून निसटते, सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. एनजीकेचा ढोबळ सल्ला असा की, ७५ ते १०० अश्वशक्ती वाढीमागे एक पायरी थंड जावं. माझ्या गाडीची वाढ त्याहून कमी होती, तरी घाट, मराठवाड्याचा उन्हाळा आणि लांबचे वेगवान प्रवास धरून ट्यूनरने एक पायरी सुचवली होती. ते योग्यच होतं. तुमची गाडी फक्त शहरात फिरत असेल आणि मॅप सौम्य असेल, तर मूळ नंबर गॅप थोडा कमी करून ठेवणंही चालतं. हे तुमच्या गाडीचा मॅप लिहिणाऱ्यालाच विचारा. मॅप ९५ ऑक्टेनसाठी लिहिला असेल, तर टाकीत तेवढ्याच ऑक्टेनचं पेट्रोल पाहिजे. त्याची कसर थंड प्लगने भरून निघत नाही.

कंपनी बदलणार असाल तर तक्ता हातात ठेवा. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. डेन्सोतही आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये उलटं: एनजीकेचा ६ साधारण बॉशचा ७, आणि एनजीकेचा ७ साधारण बॉशचा ६. चॅम्पियनही बॉशच्या दिशेनेच चालतो. आकड्याच्या आजूबाजूची अक्षरंही वाचा. बीकेआर७ई या कोडमध्ये बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ मिलिमीटरचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर आणि ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. लांबी चुकली तर प्लग पिस्टनवर आपटू शकतो, आणि रेझिस्टर नसेल तर विजेचा गोंगाट ईसीयूला त्रास देतो.

गॅपबद्दल गॅरेजमध्ये सर्वांत कमी बोललं जातं. दाबलेल्या हवेतून उडी मारायला विजेला जास्त व्होल्टेज लागतं. बूस्ट वाढला आणि गॅप तोच राहिला, तर कॉइल कमी पडते आणि ऐन जोरात गाडी मिसिंग मारते. म्हणून ०.८ वरून ०.७ वर यायचं. फार खाली गेलात तर ज्योत लहान पडते आणि आयडलिंग खडबडीत होतं, तेव्हा मिसिंग थांबेल तिथेच थांबा. ‘प्रीगॅप्ड’ लिहिलेल्या डब्यावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक प्लग मोजा. इरिडियमची सुई बारीक आणि ठिसूळ असते. गॅप करताना तिला टेकू देऊ नका, फक्त बाजूची पट्टी हलवा आणि नाण्यासारखा गोल गेज न वापरता तारेचा गेज वापरा.

निकेलचा प्लग स्वस्त असतो, ठिणगी उत्तम देतो, पण लवकर झिजतो. रिमॅप केलेल्या गाडीत मी तो १५ हजार किलोमीटरच्या आत बदलतो. इरिडियम त्याच्या कितीतरी पट टिकतो, पण बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत. भाव फारच कमी असेल, चिनीमातीवरची छपाई नखाने निघत असेल किंवा सुईचं वेल्डिंग वाकडं दिसत असेल, तर परत करा.

बसवणं हेही निवडीइतकंच महत्त्वाचं. इंजिन थंड असताना प्लग काढा, नवीन प्लग आधी हाताने फिरवा आणि मग टॉर्क पाना लावा. माझ्या इंजिनाला ३० न्यूटन मीटर लागतो, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. मुलामा दिलेल्या आट्यांना अँटी-सीझ लावू नका, त्याने प्लग गरजेपेक्षा जास्त कसला जातो आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. पहिल्या लांबच्या प्रवासानंतर प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी किंवा राखाडी चिनीमाती ठीक. कोरडी काजळी दिसली तर प्लग फार थंड किंवा मिश्रणात पेट्रोल फार जास्त. चकचकीत पांढरं किंवा ठिपके दिसले, तर घाट चढू नका, थेट ट्यूनरकडे जा.

गॅरेजमध्ये प्लग बदलून घेताना एवढं कराच. बसवण्याआधी डबा स्वतः पाहा, बिलावर ‘कोल्ड प्लग’ असं मोघम न लिहिता कंपनीचं नाव आणि पूर्ण कोड लिहून घ्या, आणि काढलेले जुने चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने घरी घेऊन या.