हत्ती : एका निवडणूक चिन्हाचा इतिहास

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात : "महामायेच्या स्वप्नात पांढरा हत्ती आला, म्हणूनच बाबासाहेबांच्या पक्षाचे चिन्ह हत्ती होते ना?" प्रश्न सुंदर आहे, परंतु उत्तरापूर्वी सनावळी पाहिली पाहिजे.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना 1942 साली नागपूर येथे झाली. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हत्ती हे फेडरेशनचे चिन्ह होते. धम्मदीक्षा झाली 14 ऑक्टोबर 1956 रोजी. म्हणजे हा हत्ती लोकांसमोर प्रथम आला तो मतदाराची खूण म्हणून.

त्या खुणेचे मोल आज सहज ध्यानात येत नाही. 1951 च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे 18 टक्के होती. इंग्रजी अमदानीत मताधिकाराला मालमत्ता, शिक्षण आदींच्या अटी होत्या. आता प्रत्येक प्रौढास मत मिळाले. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसे. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्या आपल्या आजी-आजोबांना हत्तीची पेटी कोणासही न विचारता ओळखता येत होती. गुप्त मतदानाचा हक्क त्यांच्यापुरता या चित्राने खरा केला.

निकाल कठोर होता. बाबासाहेब उत्तर मुंबईतून पराभूत झाले. लोकसभेत फेडरेशनला सोलापूर व करीमनगर या दोनच जागा मिळाल्या. तरीही खूण टिकली. 1957 साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने हत्ती पुढे चालविला. नंतर तो बहुजन समाज पक्षाकडे आला. आसामात मात्र हाच हत्ती आसाम गण परिषदेचा आहे. चित्र तेच, अर्थ माणसे भरतात.

मग महामायेचा हत्ती खोटा का? मुळीच नाही. धौली येथे अशोकाच्या शिलालेखाच्या माथ्यावर हत्ती कोरलेला आहे. कालसीच्या शिळेवरही हत्तीची आकृती आहे. ती परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. दीक्षेनंतर आपल्या मनात दोन्ही हत्ती एकत्र आले, हे स्वाभाविकच होय. परंतु इतिहास लिहिताना मनातील अर्थ व घटनेचा काळ वेगळे ठेवावे लागतात.

आमच्या विद्यार्थ्यांनी श्रद्धेपोटीही सन मागे-पुढे करू नये. प्रत्येक विधानाला पुरावा मागणाऱ्या बाबासाहेबांचा वारसा आपण असाच जपू शकतो.

जय भीम!