एमए झालं की पाटी लावायची?

प्रश्न : पुण्यात मानसशास्त्रात बीए केलं. एमएनंतर थेरपिस्ट म्हणून काम करता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : समुपदेशक म्हणून सुरुवात करता येईल, ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येणार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्या नावासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतली पात्रता, किंवा एमएनंतर तशीच मान्यता असलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एमफिल सांगितला आहे. पदव्यांची रचना सध्या बदलते आहे. त्यामुळे चकचकीत माहितीपत्रकावर विसंबू नका, परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव बघा.

एमए विद्यापीठात उत्तम होईल. पण थेरपी ही पोहण्यासारखी. काठावर बसून येत नाही. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं ‘ए-बी-सी’ तासाभरात पाठ होतं. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो, हेही पटतं. मग समोर मुलगा गमावलेली आई बसते आणि पाठ केलेलं सगळं घशात अडकतं. तेव्हा लागतो तो पर्यवेक्षक. म्हणून प्रवेश घेताना फीच्या आधी विचारा : रुग्णांसोबत आठवड्याला किती तास, आणि माझं काम तपासणार कोण? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी संस्था बघा. आईबाबांना ‘अजून चार वर्षं’ असं आत्ताच सांगून ठेवा.