आधी कागद, मग सही

मूकपटाच्या काळातली सही म्हणून कुणी फोटो पुढे केला, तर पैसे कागदाचे मोजा, सहीचे नव्हे, असं नांदेड-लातूरकडच्या संग्राहकांना मी आवर्जून सांगेन. सही खोटी आहे हे दाखवता येतं. ती खरी आहे हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. दादासाहेब फाळके १९४४ साली गेले आणि बॉलपेन सर्रास मिळू लागलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे बॉलपेनातली ‘फाळक्यांची’ सही तिथेच निकालात निघते. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात कागदावर धरा. कागद निळसर झळाळला, तर त्यात शुभ्रपणासाठी घालतात ते रसायन आहे, आणि ते साधारण १९५०च्या आसपास कागदात आलं. भिंगाखाली शाईच्या रेषेऐवजी बारीक ठिपके दिसले, तर सही छापील. पण या सगळ्यातून सुटलेली सहीही खरीच, असं नाही. जुना कोरा कागद आणि टाक-दौत आजही मिळते.

‘सही अस्सल आहे, मग काय हरकत?’ असं विचारणारे भेटतात. हरकत काळाची आहे. ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५चा. त्यात काम केलेले व्ही. शांताराम १९९०पर्यंत हयात होते. त्यातल्या फोटोवरची त्यांची अस्सल सही १९८०तलीही असू शकते, भाव मात्र १९२५चा सांगितला जातो. आपल्याकडे तर ‘वाड्यातल्या पेटीत सापडलं’ हे पालुपद फार चालतं. वाड्याची गोष्ट ऐकून घ्यावी, पण फोटोवरचा शिक्काही वाचावा. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, तोवर ते उस्मानाबादेत. मूळच्या म्हणून दाखवलेल्या शिक्क्यात ‘जि. लातूर’ दिसलं, की पेटीची गोष्ट संपली.

मग जमवायचं काय? बिनसहीची हँडबिलं, गाण्यांच्या नव्हे तर कथासाराच्या पुस्तिका, थिएटरची तिकिटं. आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले. कित्येकांची खूण अशा चिटोऱ्यांवरच उरली आहे, आणि बिनसहीच्या हँडबिलाची नक्कल करून कुणाला फारसं सुटत नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून असं साहित्य जपतं. ताडून बघायला तिथे जावं. आणि पावतीवर काळ लिहून मागा. विक्रेता ‘जुना फोटो, सहीसह’ एवढंच लिहायला तयार असेल, तर त्याला जुन्या फोटोचे पैसे द्या.