उथळ खाऱ्या पाण्यातील मासेमारी

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याचे दक्षिण टोक आणि त्याच्या पूर्वेस व आग्नेयेस पसरलेली बहामा बेटे यांच्याभोवती समुद्राचा तळ अनेक मैलांपर्यंत जवळजवळ सपाट आहे. हा प्रदेश चुनखडीच्या थरांचा बनलेला असून गाळ वाहून आणणाऱ्या मोठ्या नद्या तेथे नाहीत. त्यामुळे पाणी सामान्यतः अतिशय स्वच्छ असते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाचे गढूळ पाणी चार मीटरांहून अधिक चढते. येथे मात्र भरती-ओहोटीतील फरक साधारणपणे मीटरभर किंवा त्याहूनही कमी असतो. घोट्यापासून कमरेपर्यंत पाणी असलेल्या अशा सपाट भागांना तेथे ‘फ्लॅट’ म्हणतात.

या तळावर कोठे पांढरी वाळू, कोठे मऊ चिखल, तर कोठे समुद्रगवताची दाट कुरणे असतात. काठाला खारफुटीची झाडी असते. खेकडे, कोळंबी, शिंपले आणि कृमी यांची येथे रेलचेल असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्यांच्या शोधात मोठे मासे खोल चरांतून वर येतात आणि ओहोटीबरोबर परततात. त्यांपैकी बोनफिश हा मासा विशेष प्रसिद्ध आहे. बारीक काट्यांच्या विपुलतेवरून त्याला हे नाव मिळाले. त्याचे रुपेरी खवले आरशाप्रमाणे भोवतालचा रंग परावर्तित करतात, म्हणून तो सहजासहजी नजरेस पडत नाही. भक्ष्यासाठी तो तळ उकरू लागला की डोके खाली जाते आणि उथळ पाण्याबाहेर शेपटीचे टोक चमकते.

येथील मासेमारी नजरेवर अवलंबून असते. होडीचे यंत्र बंद करून वाटाड्या मागील उंच फळीवर उभा राहतो आणि लांब काठीने होडी हळूहळू रेटतो. मासे धरणारा नाळेवर सज्ज असतो. तळावरील सावली, ढवळलेला चिखल किंवा पाण्यावरील अस्वाभाविक तरंग यांवरून माशाची जागा व दिशा ओळखली जाते. मग पिसे आणि केस गुंडाळून बनविलेले, कोळंबीसारखे दिसणारे आमिष त्याच्या वाटेवर अलगद टाकले जाते. आमिष अंगावर पडले किंवा होडीत पावलाचा आवाज झाला, तर सारा थवा क्षणार्धात दिसेनासा होतो. गळाला लागलेला बोनफिश मात्र शंभर मीटर दोर एका झेपेत ओढून नेऊ शकतो.

हे मासे बहुधा खाण्यासाठी पकडले जात नाहीत. पकडून परत सोडले जातात. बेलीझ या देशाने २००९ मध्ये आणि फ्लोरिडा राज्याने २०१३ मध्ये बोनफिश सोडून देणे कायद्याने बंधनकारक केले. सोडण्यातही काळजी घ्यावी लागते. फार वेळ पाण्याबाहेर धरलेला मासा तोल गमावतो आणि जवळपास फिरणाऱ्या शार्कांच्या तोंडी सहज पडतो. वाटाड्यांची उपजीविका जिवंत माशावर अवलंबून आहे. २०१० मधील एका पाहणीत बहामातील या मासेमारीचे वार्षिक आर्थिक मूल्य सुमारे १४ कोटी डॉलर आढळले.

तरीही फ्लोरिडात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून बोनफिशची संख्या घटत गेली. मासे सोडले जात असताना असे का व्हावे? याचे कोणतेही एकच कारण सांगता येत नाही. जानेवारी २०१० मधील कडाक्याच्या थंडीत तेथे असंख्य मासे मेले. परंतु त्यापूर्वीच त्यांच्या कुरणांवर संकट आले होते. पूर्वी ओकीचोबी सरोवराचे गोडे पाणी एव्हरग्लेड्सच्या विस्तीर्ण दलदलीतून संथपणे वाहत फ्लोरिडा उपसागराला मिळत असे. पूरनियंत्रण, ऊसशेती आणि नगरे यांसाठी कालवे व बांध बांधण्यात आले आणि त्यातील बरेचसे पाणी पूर्व-पश्चिमेकडे वळविले गेले. पाऊस कमी पडला की उपसागराचे पाणी अधिक खारट व उष्ण होऊ लागले. अशा पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि चिखलातील विषारी सल्फाइड गवताच्या मुळांत शिरते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या अशा आपत्तीत सुमारे ४,००० हेक्टर कुरणे पूर्णपणे नष्ट झाली. कुजलेल्या गवतातून मुक्त झालेल्या पोषकद्रव्यांवर शैवाल माजले, पाणी गढूळ झाले आणि सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचेना. २०१५ मध्ये अवर्षणानंतर गवत पुन्हा मोठ्या प्रमाणावर मेले. या उपसागराचा बहुतांश भाग १९४७ मध्ये स्थापन झालेल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. पण पाणी ज्या दिशेने येते तो प्रदेश त्या हद्दीबाहेर आहे. गोड्या पाण्याचा प्रवाह पूर्ववत करण्याची व्यापक योजना २००० मध्ये मंजूर झाली असून तिची कामे दीर्घकाळ चालणारी आहेत.

या माशाचा संबंध खोल समुद्राशीही तितकाच आहे. थंडीच्या महिन्यांत, पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास, हजारो बोनफिश किनाऱ्याजवळ गोळा होतात आणि रात्री शंभर मीटरांहून खोल पाण्यात उतरून अंडी घालतात. अंड्यांतून निघालेले पारदर्शक, फितीसारखे जीव सुमारे दोन महिने प्रवाहाबरोबर वाहत राहतात. फ्लोरिडातील काही पिले क्यूबासारख्या दूरच्या किनाऱ्यांहून येत असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणून गळाला लागलेला मासा सोडून देणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. गुडघाभर पाण्यात चरणाऱ्या या माशाला उगमाकडून येणारे गोडे पाणी, गवताचे निरोगी कुरण आणि अंडी घालण्याच्या निर्वेध जागा या तिन्हींची गरज असते. यांपैकी एक जरी बिघडले, तरी उरलेल्या दोहोंचे रक्षण व्यर्थ ठरण्याचा धोका राहतो.