तुंबलेले गटार : एक शोध

तळोजे पाचनंद वसाहतीतील एका चार मजली इमारतीत, तळमजल्यावर तुमचे घर आहे अशी कल्पना करा. सकाळची वेळ आहे. तुमच्या घरात कोणीही नळ सोडलेला नाही. तरीही मोरीतून गुडगुड असा आवाज येतो आणि थोड्याच वेळात जाळीतून काळसर, घाण पाणी वर येऊ लागते. आई म्हणते, “वरच्यांनी आंघोळीला सुरुवात केली वाटतं!” आईचा तर्क बरोबर आहे. पण वरच्या मजल्यावरचे पाणी आपल्याच मोरीतून का यावे?

उत्तर तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे : पाणी आपली पातळी गाठते. चारही मजल्यांचे सांडपाणी एका उभ्या नळातून खाली येते आणि तेथून जमिनीखालच्या आडव्या नळात शिरते. हा आडवा नळ पुढे तुंबला, की पाणी मागे चढत जाते. त्याला बाहेर पडण्यास जे सर्वांत खालचे तोंड सापडते तेथून ते बाहेर येते. ते तोंड म्हणजे तळमजल्याची मोरी.

यावरून पहिला धडा मिळतो. एकाच मोरीतून किंवा बेसिनमधून पाणी जात नसेल, तर अडथळा त्याच्या स्वतःच्या नळीत आहे. पण शौचकूप, मोरी व बेसिन ही सर्व एकदम कुरकुरू लागली, तर मुख्य नळ तुंबला आहे असे समजावे. अशा वेळी पहिले काम म्हणजे वरच्या सर्व घरांना पाणी वापरणे थांबवण्याचा निरोप देणे. रबरी पंपाने मोरीत दाब देण्याचा येथे उपयोग नाही. पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब सर्व दिशांना पोहोचतो आणि घाण शेजारच्या घरातून वर येते.

नळ तुंबतो कसा?

सांडपाण्याचा नळ पंपावर चालत नाही. तो उतारावर चालतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळाला साधारणपणे ६० सेंटीमीटर लांबीला १ सेंटीमीटर उतार देतात. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० सेंटीमीटर राहिला, तर ते आपल्याबरोबर गाळ व मैला वाहून नेते. वेग याहून कमी झाला की गाळ तळाशी बसतो. जमीन खचून नळाचा उतार बिघडला तरी हेच घडते.

दुसरे कारण स्वयंपाकघरात आहे. थंडीच्या दिवसांत बाटलीतले खोबरेल तेल गोठलेले तुम्ही पाहता. तळणीचे उरलेले तेल व वनस्पती तूप मोरीत ओतले की तेही नळात थंड होऊन भिंतींना चिकटते. त्यात चहाचा चोथा, भाताची शिते, केस, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सॅनिटरी पॅड अडकतात. चरबीतील आम्लांचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा, दगडासारखा साबणही बनतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ साली असा सुमारे २५० मीटर लांबीचा, १३० टन वजनाचा गोळा सापडला होता!

तिसरे कारण पावसाळ्यातले. नवी मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारे वेगळी आणि मैल्याचे नळ वेगळे आहेत. अंगणात पाणी साचले म्हणून काही जण मैल्याच्या चेंबरचे झाकण उघडून ते पाणी आत सोडतात. पाण्याबरोबर माती, पाने आणि पिशव्याही आत जातात. तळोजा हा खाडीजवळचा सखल भाग. येथे निसर्गतः उतार मुळातच कमी. मग नळ तुंबण्यास वेळ लागत नाही.

अडथळा कोठे आहे?

समजा, इमारतीपासून रस्त्याच्या मुख्य नळापर्यंत ७ चेंबर आहेत. म्हणजे नळाचे ८ तुकडे झाले. प्रत्येक चेंबर उघडून पाहावे काय? गरज नाही. प्रथम मधले, म्हणजे चौथे चेंबर प्लंबरकडून उघडून घ्यावे. ते काठोकाठ भरलेले असेल तर अडथळा पुढे आहे; कोरडे असेल तर मागे आहे. भरलेले निघाले तर आता सहावे पाहावे. तेही भरलेले असेल तर सातवे. सातवे कोरडे निघाले, तर अडथळा सहाव्या व सातव्या चेंबरच्या मध्ये! ८ तुकड्यांतून नेमका एक तुकडा केवळ ३ वेळा पाहून सापडला. १६ तुकडे असते तर किती वेळा पाहावे लागले असते? विचार करा.

जागा सापडली की प्लंबर बाहेर उभा राहून लांब लवचीक सळई किंवा बांबूच्या कामट्या नळात सारतो. मोठ्या नळासाठी पाण्याचा जोरदार झोत सोडणारे यंत्र आणतात.

येथे जिवाशी गाठ आहे

चेंबरमध्ये कोणीही उतरायचे नाही, डोकेही आत घालायचे नाही. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. त्याचा रेणुभार ३४, तर हवेचा सरासरी २९. म्हणून तो खाली साचून राहतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे १०० भाग झाला, की काही मिनिटांतच नाकाची जाणीव बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजणारा माणूस येथेच फसतो. एक बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही दगावतात. मिथेन हा ज्वालाग्राही वायूही तेथे असतो. म्हणून काडी ओढू नये.

सफाई कामगाराला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ३० लाख रुपये ठरवली. पण गेलेला माणूस पैशाने परत येत नाही. “शंभर रुपये जास्त घे, पण आत उतर” असे कोणी म्हणत असेल, तर तुम्ही त्याला हा वायूचा हिशेब समजावून सांगा.

आम्ल आणि विरंजक चूर्ण एकत्र करून मोरीत ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

करून पाहा

दोन पेले घ्या. एकात थंड पाणी, दुसऱ्यात कोमट पाणी भरा. दोन्हींत चमचाभर पातळ केलेले वनस्पती तूप घाला. दहा मिनिटांनी दोन्ही पेले तिरपे करून निरीक्षणे वहीत लिहा. मग आज रात्री कढईतले तेल मोरीत न ओतता कागदाने पुसून कचऱ्यात टाका. गटार साफ करण्याचा सर्वांत सोपा उपाय स्वयंपाकघरात सुरू होतो. आणि त्यामुळे कोणा एकाला चेंबरच्या तोंडाशी जावे लागत नाही.