‘एनओसी लागत नाही’ या एका वाक्यावर घर घेतलं

2013 साली दिवाळीच्या आधी आम्ही पुण्याजवळ नऱ्ह्यात फ्लॅट घेतला. रिसेलचा. खाली पार्किंग, वर पाच मजले, मजल्यावर चार-चार घरं, एक लिफ्ट. आमचं घर चौथ्या मजल्यावर. एजंटने पहिल्याच भेटीत सांगितलं, “ताई, ही सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. एनओसीची भानगड नाही, ट्रान्सफर फी नाही. विकणारा आणि तुम्ही, तिसऱ्याचा संबंध नाही.” वीस वर्षं भाड्याच्या घरांत राहिलेल्या माणसाला हे वाक्य किती गोड लागतं, ते मीच जाणे. भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारून. आता कुणाला विचारायचं नाही, या आनंदात मी कमिटीतल्या एकाही माणसाला न भेटता खरेदीखत केलं.

राहायला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात खजिनदार काका वही घेऊन दारात आले. आधीच्या मालकाने 41 महिने मेंटेनन्स भरला नव्हता. महिन्याचे 1,200, एकूण 49,200 रुपये. “हे आता तुमच्याकडून यायचे आहेत,” काका म्हणाले. बोलताना त्यांनाच अवघडल्यासारखं होत होतं. मी म्हटलं, घर मी घेतलं, त्याची उधारी नाही घेतली. वकिलांकडे गेले तर त्यांनी कायद्याचं पुस्तकच समोर ठेवलं. अपार्टमेंटमध्ये विकणाऱ्याच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार असतात. भरलेले पैसे घेणाऱ्याने विकणाऱ्याकडून वसूल करावेत, तो हक्क त्याला आहे. विकणारा तोवर परदेशी गेला होता आणि फोन उचलत नव्हता.

त्याच पानावर पुढे आणखी एक तरतूद होती आणि ती वाचून मला जास्त वाईट वाटलं. घेणाऱ्याने आधी मागणी केली, तर थकबाकी किती आहे हे कमिटीने त्याला लिहून द्यायचं असतं, आणि त्या पत्रात लिहिलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त त्याच्याकडून घेता येत नाही. एवढा सोपा बंदोबस्त होता. मी 26 वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात काढली, दुसऱ्यांच्या खात्यातली बाकी तपासत. स्वतःच्या घराच्या वेळी ते पत्र मी मागितलं नाही. पैसे तीन हप्त्यांत भरले.

पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत आणि त्यांत राहणाऱ्या बऱ्याच जणांना आपण सोसायटीत राहतो की अपार्टमेंटमध्ये, हे सांगता येत नाही. पाटीवर काय लिहिलंय त्यावरून ते ठरत नाही. ‘अमुक अपार्टमेंट’ नावाच्या सोसायट्याही असतात. सोसायटी 1960 च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखाली येते. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते, आपण सभासद, आपल्या हातात शेअर सर्टिफिकेट. अपार्टमेंटला 1970 चा अपार्टमेंट ओनरशिपचा कायदा लागतो. तिथे फ्लॅट आपल्या स्वतःच्या मालकीचा, आणि जमीन, जिना, गच्ची, लिफ्ट यांत आपला न विभागलेला वाटा. तो किती टक्के, हे डिक्लरेशनमध्ये, म्हणजे नोंदणी केलेल्या घोषणापत्रात लिहिलेलं असतं.

या मालकीचा फायदा खरा आहे, तो मी नाकारणार नाही. घर विकायला, मुलांच्या नावे करायला कमिटीची मर्जी सांभाळावी लागत नाही. सोसायटीत हस्तांतरणाचं शुल्क महापालिका हद्दीत 25,000 रुपयांपर्यंत घेता येतं, घर भाड्याने दिलं तर सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क लागतं. शिवाय बिल्डरने संस्थेच्या नावे जमीन करून दिली नाही म्हणून वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. अपार्टमेंट डीड नीट झालेलं असेल, तर जमिनीतला आपला वाटा त्याच कागदाबरोबर आपल्याकडे येतो. आणि बंगल्यापेक्षा फ्लॅट का, हे तर सांगायलाच नको. आमच्यासारख्यांच्या पगारात पुण्यात दुसरं काही बसत नव्हतं. यजमान नाशिकला बदलीवर होते तेव्हा मी आणि सासूबाई दोघीच असायचो, पण रात्री कधी भीती वाटली नाही.

पण ज्या मोकळेपणासाठी मी हे घर घेतलं, तोच मोकळेपणा न भरणाऱ्यालाही असतो. हे मला 2016 च्या फेब्रुवारीत कळलं, लिफ्ट बंद पडली तेव्हा. तोवर मी स्वतः खजिनदार झाले होते. कंपनीचा माणूस म्हणाला, दोर, मोटर, पॅनेल, सगळंच बदलावं लागेल, 4,20,000 रुपये. बँकेच्या पासबुकात होते 31,412. वीसपैकी सहा घरं थकबाकीत, त्यातल्या चार घरांचे मालक बाहेरगावी आणि फ्लॅट भाड्याने. रजिस्टर्ड पोस्टाने नोटिसा पाठवल्या, पोचपावत्या सह्यांनिशी परत आल्या, पैसे आले नाहीत. सोसायटी असती तर रजिस्ट्रारकडून वसुली दाखला मिळवून जमीन महसुलासारखी वसुली करता आली असती. आमच्यापुढे तेव्हा दिवाणी दावा एवढाच रस्ता होता. थकबाकीचा बोजा फ्लॅटवर चढतो, कायदा तसं म्हणतो. पण बोजा चढून लिफ्ट चालत नाही.

सासूबाई 81 वर्षांच्या होत्या. रोज संध्याकाळी खाली गेटजवळच्या बाकावर त्यांच्या चार मैत्रिणी जमायच्या. फेब्रुवारी ते जून त्या बाकावर गेल्या नाहीत. एप्रिलमध्ये छातीत दुखलं म्हणून त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा त्यांना खाली घेऊन गेले. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. सासूबाई एका हाताने कठडा घट्ट धरून बसल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “ठेवा रे मला इथंच, तुमच्या कमरा जातील.” मी मागून पिशवी घेऊन उतरत होते. त्या दिवशी मला सहा घरांची नावं पाठ होती.

शेवटी चौदा घरांनी सहा घरांचा वाटा आगाऊ उचलायचं ठरवलं. बैठकीत मी वीसही घरांचा मूळ वाटा प्रत्येकी 21,000 असा हिशेब मांडला. मेंटेनन्सही आम्ही वर्षानुवर्षं सगळ्यांकडून सारखाच घेत होतो. पहिल्या मजल्यावरच्या काकू उठल्या. वन बीएचके, पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या. त्यांनी डिक्लरेशनची झेरॉक्स आणली होती, एका ओळीवर पिवळी खूण. “माझा वाटा 3.8 टक्के लिहिलाय. मग खर्चही तेवढाच ना?” बरोबर होतं. कायद्याचं कलम 10 तेच सांगतं: सामाईक खर्च ज्याच्या त्याच्या टक्क्याप्रमाणे. आमच्या टू बीएचकेंना 5.8 टक्के. म्हणजे त्यांचे 15,960 आणि माझे 24,360. टू बीएचकेवाले काहीजण काकूंशी महिनाभर बोलले नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच मजल्यावरचे दुसरे गृहस्थ म्हणत होते, मी लिफ्ट वापरतच नाही. तो मुद्दा मात्र टिकत नाही; सामाईक गोष्ट वापरली नाही म्हणून खर्चातून सुटका नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे.

म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फरशी, किचनचा ओटा, बाल्कनीतला वारा हे सगळं नंतर बघा. आधी विचारा, सोसायटी की अपार्टमेंट. अपार्टमेंट असेल तर डिक्लरेशनची नक्कल घ्या. ते नोंदवलेलं असतं, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळतं. त्यात आपल्या फ्लॅटचा टक्का बघा. गच्ची सगळ्यांची आहे की एखाद्याच घराला जोडलेली, पुढच्या वाढीव बांधकामाचा हक्क बिल्डरने स्वतःकडे ठेवलाय का, या ओळी दोनदा वाचा. स्टिल्टमधलं पार्किंग वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. तरीही त्याचे वेगळे पैसे मागणारे भेटतात. रिसेलमध्ये विकणाऱ्याच्या नावे अपार्टमेंट डीड झालंय का हे विचारायलाच हवं. नुसत्या करारनाम्यावर घर हातोहात फिरलेलं असेल, तर डीडवर सही मिळवण्यासाठी जुन्या बिल्डरला शोधत फिरण्याची वेळ तुमच्यावर येते. नव्या इमारतीत रेराच्या कायद्याने पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते, तो आधार जुन्या घराला नाही.

आणि पासबुक बघायला मागा. यात कसलाही संकोच नको. वीस घरांची, लिफ्टची इमारत आणि शिल्लक किती, हे मी घर घेण्याआधी पाहिलं असतं तर निदान भाव तरी कमी केला असता. जमलं तर सकाळी सात वाजता जाऊन या. पाणी किती वेळ येतं, टँकर येतो का, ते तेव्हाच दिसतं. नऱ्हे 2021 मध्ये महापालिकेत आलं, पण टँकरचा खर्च आमच्या वहीत आजही आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर जिथे बहुतेक मालक स्वतः राहतात अशा लहान इमारतीत अपार्टमेंट चांगलं चालतं. माणसं समोरासमोर असतात, लाजेकाजेने का होईना भरतात. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेल्या, भाडेकरूंनी भरलेल्या इमारतीत मी सोसायटीच निवडीन, एनओसी आणि ट्रान्सफर फी सोसून.

आमच्या सहा घरांपैकी दोघांची बाकी शेवटी वसूल झाली ती नोटिशीने नाही. मी नोटीस बोर्डावर एक कागद लावला होता: या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्यांनी थकबाकीचं पत्र कमिटीकडून अवश्य घ्यावं. त्या दोघांनी फ्लॅट विकायला काढले तेव्हा घेणाऱ्यांनी तो कागद वाचला.

गेल्या वर्षी माझा भाचा पिंपळे गुरवला फ्लॅट बघत होता. फोनवर उत्साहाने म्हणाला, “मावशी, अपार्टमेंट आहे, एनओसी लागत नाही!” रविवारी मी त्याच्याबरोबर गेले. थकबाकीचं पत्र मागितलं, तर सेक्रेटरी साहेब आधी म्हणाले, त्याची काही गरज नसते. मी म्हटलं, आम्हाला आहे, आम्ही थांबतो. तासाभराने त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं: बाकी 18,600. विकणाऱ्याने कपाळाला आठ्या घालून तिथेच चेक फाडला. बाकी निरंक असं दुसरं पत्र मी लिहून घेतलं. त्यावरची तारीख, सही आणि शिक्का बघितला, कागद भाच्याच्या हातात दिला आणि म्हटलं, “आता इसार दे.”