वाढदिवसाचं जेवण आणि बुधवारचं अंडं

दहिवडी

चि. मनूस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनच केला असता, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. छोट्याच्या पाचव्या वाढदिवसाला इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना जेवण द्यायचं तुझ्या आणि जावईबापूंच्या मनात आलं, याचा मला फार आनंद झाला. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, पुण्याहून मागवलेला केक आणि जाताना प्रत्येकाच्या हातात वेफर्सचं पाकीट. पंचवीस हजारांचा अंदाज तू काढला आहेस आणि खाली लिहिलं आहेस, 'आपल्याकडून जमेल तेवढं, छोटंसं.' तुझ्या पंचवीस हजारांबद्दल माझी तक्रार नाही. त्या 'छोटंसं'बद्दल आहे.

आधी एक समज दूर करते. आपल्या शाळेतली मुलं दुपारी उपाशी बसलेली नसतात. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने पोषण आहाराची योजना सुरू केली. तेव्हा आम्ही शिक्षक शाळेत महिन्याला मुलामागे तीन किलो तांदूळ वाटायचो. हजेरी भरलेल्या पोरांच्या आया पिशव्या घेऊन व्हरांड्यात रांगेत उभ्या असायच्या. तो तांदूळ घरी गेला की घरातल्या सगळ्यांचा व्हायचा, आणि गरिबाच्या घरात तो तसाच व्हायला हवा. पण पोराच्या पोटात त्यातला किती गेला, हे कुणालाच सांगता यायचं नाही. पुढे २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की कोरडं धान्य नको, वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेलं अन्न द्या. त्यानंतर शाळेत चूल पेटली. आज २०२१ पासूनच्या नव्या नावाने, 'पीएम पोषण' म्हणून, तीच योजना चालते. गावात मात्र तिला अजूनही खिचडीच म्हणतात, मग त्या दिवशी पातेल्यात मटकीची उसळ का असेना.

तेव्हा ताट रिकामं नाही, अपुरं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळावं, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, असा नियम आहे. तांदूळ केंद्राकडून येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्यासाठी २०२५ च्या दराने मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे धरलेले आहेत. सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. तू पुण्यात भाजी घेतेस, त्यामुळे या आकड्यांवर मी वेगळं भाष्य करायची गरज नाही. एक अंडं सात रुपयांना पडतं. म्हणजे तांदूळ सोडून सरकारने लहान मुलाच्या अख्ख्या दुपारसाठी जी रक्कम ठरवली आहे, ती एका अंड्यातच संपते.

त्या अंड्याचीही एक गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ठरवलं की आठवड्यातून एकदा मुलांना अंडं द्यायचं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि हवं असेल तर लोकसहभागातून करा, असं शाळांना कळवण्यात आलं. मी माळकरी बाई, अंड्याला हात लावत नाही, हे तुला माहीत आहे. पण माझी माळ माझ्या गळ्यात आहे, ती दुसऱ्याच्या पोराच्या ताटाभोवती कशाला गुंडाळू? एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिनं असतात. त्यात भेसळ करता येत नाही, ते पातळ करता येत नाही आणि वाढपातही कमीजास्त होत नाही. आमच्या माण तालुक्यात, जिथे पोरांचे आईबाप मेंढरं घेऊन कुठल्या कुठे गेलेले असतात आणि घरी म्हातारी आजी एकटीच भाकरी थापते, तिथे हे लहानसं प्रकरण नाही.

आता तुझाच हिशेब मांडते. शाळेचा पट आहे ८४. दर बुधवारी प्रत्येकाला एक अंडं द्यायचं धर. सात रुपयांप्रमाणे एका बुधवारचे ५८८ रुपये झाले. शाळेचे साधारण ४० आठवडे धर, २३,५२० रुपये. तुझ्या एका दिवसाच्या श्रीखंडात अख्ख्या वर्षाची अंडी आणि केळी बसतात, वर जवळजवळ दीड हजार उरतात. त्या दीड हजारांची लिंबं घे. वरणावर लिंबू पिळलं की डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. आमच्या मुलींची पांढरी नखं आणि ओढलेले चेहरे वर्षानुवर्षं पाहिले आहेत, म्हणून लिंबाचं इतकं सांगते. उन्हाळ्यात लिंबं महागतात, तेव्हा दुसरं काहीतरी पाहू.

स्नेहभोजनाला माझा विरोध आहे असं समजू नकोस. सरकारी नियमातही त्याला जागा आहे. गुजरातेत तिथिभोजन म्हणतात, आपल्याकडे स्नेहभोजन. सणावाराला मुलांना गोडधोड मिळावं, पंगतीत गावातली चार माणसं बसावीत, यात वावगं काही नाही. पण ते वेफर्सचं पाकीट आणि केक नको. मीठ, तेल आणि साखर हल्ली आमच्या वाडीवस्तीवरच्या दुकानातही पाच रुपयांना मिळते. ते द्यायला पुण्याहून यायची गरज नाही. आणि विषय निघालाच आहे तर सांगते, छोट्याच्या डब्यात आठवड्यातून किती दिवस नूडल्स असतात, हे त्याने मला स्वतः सांगितलं आहे. सकाळी सातला तुझी काय धावपळ असते ते मी जाणते. तरी भिजवलेले हुलगे किंवा मोडाची मटकी आदल्या रात्री झाकून ठेवायला काही कष्ट नाहीत. आपल्या माणदेशात हुलग्याच्या माडग्यावर पिढ्या वाढल्या. तू त्याला 'हॉर्सग्रॅम सूप' म्हणून वाढलंस तरी मी काही बोलणार नाही.

देताना सांभाळायच्या दोनतीन गोष्टी आहेत. खाऊ हातात देताना मुलांचे फोटो काढायचे नाहीत. छोट्याच्या नावाचा फलक शाळेवर लावायचा नाही. मुलांना तुझं नाव पाठ करून टाळ्या वाजवायला लावायचं तर अजिबात नाही, मुख्याध्यापकांनी हौसेने सुचवलं तरीही. ज्या मुलाला दुपारचं अन्न मिळतं ते त्याच्या हक्काचं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तसं लिहिलेलं आहे. हक्काच्या ताटात तू भर घालते आहेस, म्हणून ते ताट तुझं होत नाही.

दुसरं, पैसे देताना रोख कुणाच्या हातात देऊ नकोस. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर भर, बैठकीत ठराव होऊ दे, आणि दर महिन्याला अंड्यांची पावती समितीतल्या एखाद्या आईने तुला पाठवावी असं ठरव. यात संशय कुणावर नाही. व्यवहार चोख असला की माणसं बदलली तरी काम चालू राहतं.

तिसरी गोष्ट स्वयंपाकाची. पटानुसार शाळेत स्वयंपाकी ठरतात. २५ पर्यंत एक, शंभरपर्यंत दोन. केंद्राने त्यांचं मानधन २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचं. आपलं राज्य त्यात भर घालतं, तरी ती रक्कम सांगायला लाज वाटावी अशीच राहते. ८४ अंडी उकडून सोलायची तर हे वाढीव काम या दोन बायकांच्या अंगावर पडणार. त्यांना आधी विचार. मोठं पातेलं, झाकण, हात धुवायला साबण, अंगावर घ्यायला एप्रन, यातलं काय हवं ते त्या सांगतील. आणि कोणीही शिजवलेलं असो, मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने चव घेऊन वहीत नोंद करायची, या नियमाची थट्टा करू नकोस. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामण गावच्या शाळेत जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं गेली. ती बातमी आली त्या आठवड्यात आम्ही सगळ्या शिक्षिकांनी स्वयंपाकाच्या खोलीतला एकेक डबा उघडून पाहिला होता.

आता 'छोटंसं' या तुझ्या शब्दाकडे येते.

जपानमध्ये यामागाता प्रांतात त्सुरुओका नावाचं शहर आहे. १८८९ मध्ये तिथल्या बौद्ध भिक्षूंनी देवळाच्या आवारात गरीब मुलांसाठी शाळा चालवली होती. मुलं डबा आणू शकत नाहीत हे पाहून त्यांनी भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात केली. त्यासाठी ते दारोदार फिरून दान मागायचे. जपानातल्या शालेय जेवणाची सुरुवात तिथून सांगतात. १९५४ मध्ये तिथे शालेय जेवणाचा कायदा झाला. आज तिथली मुलं वर्गातच आपसांत वाढून घेतात आणि एकत्र जेवतात. त्या भिक्षूंनी काही राष्ट्रीय योजनेचा आराखडा केला नव्हता. पण दुसऱ्या दिवशीही मुलं भुकेली येणार, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशीही भिक्षेला निघाले.

लांब कशाला, आपल्या साताऱ्यात काय झालं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणून वसतिगृह काढलं. मुलांना घालायला धान्य उरलं नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. पण कर्मवीरांची रयत शिक्षण संस्था केवळ दागिन्यांवर उभी राहिली असती तर दागिन्यांबरोबरच संपली असती. घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, त्या मुष्टिफंडाने ती तगली. लक्ष्मीबाईंचा त्याग एकटीचा होता. तो मी तुझ्याकडून मागणार नाही, कुणाकडूनच मागू नये. मूठ मात्र प्रत्येकाला झेपते.

अलीकडचं उदाहरणही सांगते. स्कॉटलंडमधल्या मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो यांनी २००२ मध्ये दुष्काळाने गांजलेल्या मलावीत २०० मुलांना शाळेत मक्याची पेज द्यायला सुरुवात केली. 'मेरीज मील्स' या त्यांच्या संस्थेच्या पंगतीला आज रोज वीस लाखांहून अधिक मुलं बसतात. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की रांधणारी माणसं त्या त्या गावची असतात, बहुतेक मुलांच्या आयाच.

तेव्हा तूही जरा मोठं बघ. आपल्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दहाएक शाळा आहेत, हजारभर मुलं धर. बुधवारच्या अंड्याला आठवड्याचे सात हजार, वर्षाचे दोन लाख ऐंशी हजार. एकटीला हा आकडा डोंगर वाटेल. पण तुमच्या ऑफिसात चाळीस जण मिळून महिना सहाशे काढतील तर वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होतात. सहाशे रुपयांत तुम्ही काय काय खाता, ते मी मागच्या दिवाळीत पाहिलं आहे. पहिलं वर्ष एका शाळेचंच कर, हिशेब दाखव, मग माणसं जोड. एकदम केंद्रभर उडी घेतलीस आणि जानेवारीत पैसे संपले, तर मुलांच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं होईल.

आणि याहून मोठं एक आहे. ही अंडी तू जन्मभर देत बसायची नाहीत. लोकसहभागातून करा, असं सरकार म्हणतं तेव्हा मला थोडा रागही येतो. पुण्यात नातेवाईक असलेल्या गावाला अंडं मिळणार, आणि ज्या वस्तीचं बाहेर कुणीच नाही तिला मिळणार नाही. म्हणून अंडी सुरू कर, आणि त्याच दिवसापासून मुलांची उंची, वजन आणि बुधवारची हजेरी लिहून ठेवायला सांग. वर्षभराची वही घेऊन ग्रामसभेत ठराव करू, पंचायत समितीत जाऊ, मग जिल्हा परिषदेत. १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराजांनी मद्रास राज्यात शाळेतलं जेवण सुरू केलं तेव्हाही आधी लोकांची वर्गणी आणि मग सरकारची तिजोरी असाच तो प्रवास होता. दात्याने सरकारचं काम उचललं आणि सरकार मोकळं झालं, तर ते दान मोठं नव्हे, कितीही शून्यं असोत.

एक अभ्यास तुझ्यासारख्या आकडेवालीला आवडेल. २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला होता. ज्या मुलींना लहानपणी शाळेत हे दुपारचं जेवण मिळालं, त्या पुढे आई झाल्या तेव्हा त्यांची मुलं वयाच्या मानाने अधिक उंच भरली, असं त्यात दिसलं. म्हणजे आज चौथीत बसलेल्या मुलीच्या ताटात तू जे घालशील, ते तिच्या लेकराच्या हाडात जायचं आहे. तू एका वाढदिवसाचा विचार करत होतीस.

वाढदिवसाला या. छोट्याला मुलांबरोबर पंगतीत बसव, वेगळी खुर्ची नको. ताट त्याचं त्यानेच धुवायचं, आमच्याकडे सगळेच धुतात. गोड हवं असेल तर स्वयंपाकाच्या ताई नाचणीचं सत्त्व गुळात करतील, गूळ तू आण, कोल्हापुरी.

मुख्याध्यापकांचा नंबर वेगळ्या कागदावर लिहिला आहे. दुपारी एक ते दोन या वेळात फोन करू नकोस, ते वाढत असतात.

तुझी,
आत्या